उलटा हॉपर

मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी दादा आला तेव्हा लेकीनं आमच्या गच्चीवर खडूनं एक चौकोन आखून ठेवला होता. बाजू २.६ मीटर, मधोमध फुली. दादा अशोकनगरहून पायी येतो, त्यामुळे आल्या आल्या त्याला पाणी लागतं आणि मागोमाग चहा. त्या दिवशी त्याला दोन्ही आठवलं नाही. चौकोनाभोवती चक्कर मारून त्यानं विचारलं, "पाण्याची टाकी बांधताय काय?"

"तंबू," लेक म्हणाली. "पिरॅमिड. मधे एकच काठी, चारी बाजूंना उतार आणि खाली काही नाही."

"खाली काही नाही म्हणजे?"

"तळ नाही, मामा."

"मग तंबू कशाला म्हणतेस? छत्री म्हण."

इथून जे सुरू झालं ते पहिला पाऊस पडेपर्यंत चाललं. मी मधे बसून ऐकत होते, आणि नुसती ऐकत नव्हते, कारण घरातलं पायमशीन माझं आहे आणि दोघांचाही डोळा त्याच्यावर होता.

दादानं सातपूरच्या आयटीआयमध्ये शीट मेटलचा ट्रेड केला आणि पुढची चौतीस वर्षं एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये हॉपर (माल खाली सोडणारी चौकोनी नरसाळी), डक्ट आणि टाक्या बनवण्यात घालवली. शनिवारी रात्रपाळी नसली की तो त्र्यंबकची, इगतपुरीकडची नाहीतर आणखी कुठली एसटी पकडायचा. हरिहर, कुलंग, साल्हेर, धोडप. आमच्या आईला या नावांचा राग यायचा. लेक सव्वीसची. तीही किल्ल्यांवर जाते, शिवाय उत्तरकाशीला जाऊन गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करून आली आहे. मामाचं वेड तिला लागलं, हिशेब मात्र तिचा तिचा. दादा वजन किलोत मोजतो, ती ग्रॅममध्ये.

"मुळात तंबू हवाच कशाला?" दादाचा पहिला मुद्दा. "धोडपला गुहा आहे. रतनगडला गुहा आहे. कुलंगला गुहा, शेजारी पाण्याची टाकी. हरिहरवर ती दोन खोल्यांची इमारत आहे, वाकून आत शिरलं की दहाबारा जण आरामात. आणि गडावर काही नसलंच तर खालच्या गावात कुणाचीही पडवी. आम्ही आयुष्यात तंबू पाठीवर घेतला नाही. एक ताडपत्री, एक दोरी, बस."

"तुम्ही ज्या गुहेत दहा जण झोपायचात ना मामा, तिथे आता शनिवारी रात्री साठ जण असतात. त्यातल्या एकाकडे स्पीकर असतो."

दादा गप्प झाला. तोही गेल्या हिवाळ्यात हरिश्चंद्रगडावरून रात्रभर जागून परत आला होता, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

"बरं, मग ताडपत्री घे. बारा बाय बाराची. कुठेही मिळते, फाटली तरी जीव जळत नाही."

"बारा बाय बारा म्हणजे तेरा-साडेतेरा चौरस मीटर. चौरस मीटरला नव्वद ग्रॅमची धरली तरी बाराशे ग्रॅम. आणि तिच्या तीन बाजू उघड्या. घाटमाथ्यावरचा पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो, हे तुम्हीच मला शिकवलंत."

हे खरं. सातपूरच्या गच्चीवरून पावसाची कल्पना करणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं की नाशिक शहरात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तासाभराच्या अंतरावर इगतपुरीला तीन हजारांच्या वर. आमच्याकडे जी सर येते ती तिकडच्या पावसाची उरलीसुरली असते.

तळ नको हे तिला पुस्तकातून सुचलेलं नव्हतं. गेल्या श्रावणात ती आणि तिच्या दोन मैत्रिणी भाड्याचा घुमटी तंबू घेऊन एका पठारावर राहिल्या. पावणेतीन किलोचा तंबू, तळ शिवलेला, काठ उभे. मध्यरात्री पाणी खालून आलं. वापरून वापरून तळाचं कापड चाळणी झालेलं होतं, आणि काठ मात्र धड होते. "आई, आत यायला पाण्याला शंभर वाटा होत्या, बाहेर जायला एक नाही. आम्ही टबमध्ये बसलो होतो. शेवटी मी चाकूनं तळाला भोक पाडलं तेव्हा पाणी उतरलं." भोकाचे पैसे अर्थातच द्यावे लागले.

त्या रात्रीपासून तिच्या डोक्यात हे बसलं की तंबूतला सगळ्यात जड, महाग आणि आधी बाद होणारा भाग म्हणजे तळ. यात तथ्य आहे. कापड किती पाणी अडवतं ते मिलिमीटरमध्ये सांगतात. १५०० मिलिमीटर म्हणजे कापडावर दीड मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपत नाही. छताला एवढं पुरतं, कारण त्यावर कुणी बसत नाही. तळाला पुरत नाही. ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की तेवढ्या जागेवर दाब कितीतरी वाढतो आणि पाणी कापडातून वर येतं. म्हणून तळाचं कापड जाड हवं, जाड म्हणजे जड, आणि त्यालाच खडे, काटे, बुटांचे खिळे. तो काढून टाकला की चिखलाचे बूट घालून आत यावं, ओला रेनकोट कोपऱ्यात टाकावा, पाणी शिरलं तर अंथरूण उचलून ते वाहू द्यावं. अंथरुणाखाली प्लास्टिकचा एक तुकडा, माणसाच्या मापाचा.

"साउथ पोलला गेलेला स्कॉट पिरॅमिड तंबूतच राहायचा," लेक म्हणाली. "बांबूच्या काठ्या, वर कापड, आणि जमिनीवर अंथरायचं कापड वेगळं. दिवसा तेच कापड ते लोक घसरगाडीला शीड म्हणून लावायचे. शंभर वर्षं होऊन गेली, अजून तिकडे त्या तंबूला स्कॉटचंच नाव आहे."

"असेल. तिथे मण्यार नव्हती."

आणि इथे माझीही सुई अडकली.

मण्यार रात्री फिरते, पावसाळ्यात जास्त, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. चावलेलं अनेकदा कळतही नाही. दात बारीक, दुखणं नाही, सूज नाही. पहाटे पोटात कळ, पापण्या मिटायला लागतात, मग श्वास. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी लस आपल्याकडे होते, हाफकिनचं नाव त्यासाठी पोराटोरांना माहीत आहे. विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून कितीतरी जीव वाचवले. पण लस आणि गोळी दोन्ही खाली गावात असतात. माणूस वर असतो.

"विंचू माझ्या बुटात दोनदा निघालाय," दादा म्हणाला. "दोन्ही वेळा मी गुहेत होतो, तळ वगैरे काही नव्हता, आणि मी जिवंत आहे. तरी सांगतो, तळ हवा. आम्ही नशिबानं वाचलो म्हणून तूही वाचशील असं नाही."

दादाची ही गोष्ट मला आवडते. स्वतःची जुनी बहादुरी तो पुरावा म्हणून वापरत नाही.

लेकीकडे उत्तर होतं, मात्र ते तळाचं नव्हतं, मच्छरदाणीचं होतं. दक्षिण-पूर्व नेपाळमध्ये एक पाहणी झाली होती, २००७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मच्छरदाणी लावून झोपणाऱ्यांना साप चावण्याचं प्रमाण कमी आढळलं. "कडा अंथरुणाखाली खोचली की झालं. मला पावणेसात चौरस मीटरचा तळ नकोय, मामा. जिथे मी झोपते तेवढ्याच जागेला भिंत हवीय. बाकी जमीन जमिनीसारखी राहू दे."

"आणि मच्छरदाणीचं वजन?"

"पावसाळ्यात नेईन. जानेवारीत कातळावर झोपायचं असेल तर घरी ठेवीन."

"जानेवारीत साप सुटीवर जातात?"

इथे दोघंही अडले. मला विचाराल तर दोघांचं भांडण तळावरून नव्हतंच. तळ असलेला तंबू कुठेही ठोकता येतो, निदान तसं वाटतं. तळ घरी ठेवला की जमीन वाचावी लागते. पाणी कुठून येईल, दगडाखाली बीळ आहे का, गवत एका बाजूला का निजलंय, भातखाचराचा बांध किती वर आहे. दादाला ही वाचता येते, तरी त्याला तळ हवा. लेकीला अजून पुरती वाचता येत नाही, तिला तळ नको. ज्याला पोहता येतं तोच पाण्याला घाबरतो, तसलाच प्रकार.

त्या दिवशी संध्याकाळी मी एक चूक केली. मी म्हणाले, यात नवं काय आहे, ही तर आपली राहुटी. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी झाल्यामुळे असले संदर्भ माझ्या जिभेवर असतात. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात 'राउटी' आहे. पिरॅमिडच्या आकाराचं छत असलेला, वळचण नसलेला छोटा तंबू, असाच तिचा अर्थ दिलाय. निवृत्तीनाथांची पालखी पंढरीला निघते ती आमच्या सातपूरवरूनच जाते. आणि पौषातल्या यात्रेला दिंड्या त्र्यंबकच्या रस्त्यानं उलट्या येतात. मुक्कामाला राहुट्या पडतात, खाली सतरंजी, मधे काठी. "आणि पालं?" मी पुढे म्हणाले. "लहानपणी रस्त्याकडेला लोहारांची पालं असायची. एक कापड, दोन काठ्या, तळ नाही. जमीन सारवलेली."

"ते हौसेनं राहत होते का?" दादानं विचारलं.

कुणी काही बोललं नाही. तळ नसणं ही एकाची निवड असते आणि दुसऱ्याचा नाइलाज. लेकीनं खडू खाली ठेवला आणि चहा आणते म्हणून आत गेली. ती आत असताना दादा मला हळूच म्हणाला, "पालातली बाई पावसाआधी भोवतीनं चर खणायची, आठवतं? तेवढा एक चर पोरीला शिकवायला पाहिजे."

चहाबरोबर तो विषय निघाला आणि तिथेही एकमत झालं नाही. दादाच्या काळी ताडपत्रीभोवती वीतभर चर खणणं म्हणजे शहाणपण. लेकीच्या मते तो गुन्हा. चराची ओघळ होते, ओघळीचा ओढा. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका, गावाचंच नाव लावून हिंडणारी. तिचे कंद तिथल्या पातळ मातीत तग धरून असतात. "तिथे चर नको आणि तंबूही नको," ती म्हणाली. मग परवानग्यांवर गाडी गेली: कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून आहे, तिथे वनखात्याला विचारल्यावाचून मुक्काम नाही, पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत रात्र काढायची नाही. दादा "आमच्या वेळी" म्हणून सुरू झाला आणि स्वतःच थांबला.

तोवर प्रश्न तंबू विकत घ्यायचा की नाही एवढाच होता. बाहेरच्या देशात असले पिरॅमिड तंबू रग्गड मिळतात. तिथल्या छोट्या कारखान्यांचे चांगले असतात, पण डॉलरमधली किंमत, वर कस्टम्स; लेकीचा दोन महिन्यांचा पगार जाईल. स्वस्तातले चिनी बनावटीचे, आणि जगातला निम्मा गरीब भटक्या ते ज्या अॅपवरून मागवतो ते अलीएक्स्प्रेस नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्याकडे बंद झालं. उरलं काय, तर घुमटी तंबू किंवा शिवणं.

"शिवायचा म्हणतेस तर मापं दाखव," दादा म्हणाला. तिनं वही पुढे केली. चौकोन २.६ मीटर, काठी १.३ मीटर, कारण तिची चालायची काठी तेवढीच लांब होते. दादानं चष्मा लावला, वही उलटी धरली, आणि त्याचा चेहरा बदलला.

"अगं, हा तर हॉपर आहे. उलटा हॉपर!"

त्यानंतर दोन तास तो आमचा नव्हता. गच्चीवर ओणवा होऊन त्यानं खडूनं पूर्ण मापात डेव्हलपमेंट, म्हणजे उलगडलेला सपाट आराखडा काढला, पत्र्यावर काढतात तसा. बाजूचा उतार १.८४ मीटर. प्रत्येक त्रिकोणाचा पाया २.६, पण कापडाचा पन्हा दीड मीटर, म्हणून त्रिकोण मधोमध चिरायचा. चिरलेल्या दोन तुकड्यांपैकी एक उलटा लावला की १.३ बाय १.८४ चा आयत होतो. असे चार आयत. "साडेसात मीटर, शिवणीला धरून आठ. वाया किती जाईल? काठाची तेवढी पट्टी." पत्र्याच्या माणसाला वाया न जाणाऱ्या तुकड्याचं जे सुख असतं ते मी लग्नाआधीपासून बघत आलेय.

"भिंतीचा उतार ४५ अंश आला," लेक म्हणाली.

"भिंतीचा. कोपऱ्याचा नाही." दादानं कोपऱ्यापासून फुलीपर्यंत रेघ मारली. "कोपरा मधापासून १.८४ वर, उंची तीच १.३. तिथे उतार ३५ च राहतो. हॉपर नेहमी कोपऱ्यात तुंबतो तो याच्यामुळे. साहेब लोक भिंतीचा कोन बघून ड्रॉइंग पास करतात, आणि मग आम्ही हातोडी घेऊन कोपरे ठोकत बसतो." तंबूत मात्र तुंबायला काही नाही, आणि कोपऱ्यांच्या याच चार रेघांवर सगळा ताण. माप एकच, हॉपरचा दोष तो तंबूचा कणा.

मग त्यानं तिला चौकोनात झोपायला लावलं. काठीपासून जितकं दूर जावं तितकी उंची कमी. मीटरभर दूर गेलं की छत फुटावर. अंथरूण काठीला चिकटून लावलं तर डोक्याशी आणि पायाशी पंचेचाळीसेक सेंटिमीटर उरतात. श्वासाची वाफ कापडाला लागून थेंब धरतात आणि पाय भिजवतात, म्हणून याहून कमी नको. दोघांना जागा आहे, काठी दोघांच्या मधे. "भांडणाला बरी," मी म्हणाले, पण हसलं कुणी नाही, ते हिशेबात होते.

खुंट्यांवरून मात्र खरी जुंपली. दादाला सहा मिलिमीटरच्या सळईच्या हव्या होत्या. "डी वर्ग भागिले १६२. मीटरला २२२ ग्रॅम. वीतभर लांबीची एक, ४४ ग्रॅम."

"आठ खुंट्यांचे साडेतीनशे ग्रॅम! मामा, अख्ख्या तंबूचं कापड सातशे ग्रॅम आहे."

"मग अॅल्युमिनियम. सात मिलिमीटरची. एकवीस ग्रॅम. पण वाकली तर माझ्याकडे यायचं नाही."

वाकणारच, आणि सह्याद्रीत खुंटी मुळात शिरते कुठे? वीतभर मुरूम, खाली काळा कातळ. यावर दोघांचं एकमत झालं, त्या अख्ख्या वादातलं पहिलं: दोरीला लांब फास ठेवायचा, फासात आडवी काडी, काडीवर मोठा धोंडा. गडावर धोंडे काही विकत घ्यावे लागत नाहीत.

कापडासाठी लेक आधी सिलिकॉन लावलेल्या नायलॉनवर अडून बसली होती, चौरस मीटरला ४५ ग्रॅमवाल्या. त्याचा दोष तिला माहीत होता. नायलॉन भिजलं की ताणतं, तंबू लोंबतो, मध्यरात्री उठून दोऱ्या ओढाव्या लागतात. पॉलिएस्टर तसं करत नाही. शेवटी सुरतेहून येणारं, बॅगा शिवणारे वापरतात ते लेप दिलेलं पॉलिएस्टर घेऊ असं ठरलं, ७५ ग्रॅमचं. दुकानदार त्याला पॅराशूट म्हणतो. तो छत्रीच्या कापडालाही पॅराशूट म्हणतो, रेनकोटच्या अस्तरालाही. तिन्हींचे हातरुमालाएवढे तुकडे घेऊन आम्ही घरी आलो.

दादाला दुकानदाराच्या शब्दावर विश्वास नव्हता. टाकी बनवली की पाणी भरून हायड्रो टेस्ट, हा त्याचा धर्म. त्यानं पाच फुटी पीव्हीसी पाइप आणला, खालच्या तोंडाला कापडाचा तुकडा, वर सायकलच्या ट्यूबचं रबर, त्यावर क्लिप आवळली. पाइप गच्चीच्या कठड्याला उभा बांधला आणि वरून तांब्यानं पाणी. अस्तराचं कापड पहिल्याच तांब्याला रडायला लागलं. छत्रीच्या कापडाला दोन फुटांवर घाम आला. बारीक बारीक थेंब, मोहरीएवढे, मग त्यातले दोन मिळून ओघळ. तिसरं कापड फुगून वाटीसारखं झालं, पाइप काठोकाठ भरला, पंधराशे मिलिमीटर झाले, तरी कोरडं. दादानं बोट फिरवून बघितलं. मग घड्याळ लावून अर्धा तास तो तिथेच प्लास्टिकच्या स्टुलावर बसून राहिला. तेव्हाच मला कळलं की तळ असो नसो, हा माणूस आता आपल्या बाजूला आहे.

"तरी पाच वर्षांनी लेप चिकट होईल," तो उठताना म्हणाला. जुन्या रेनकोटची घडी मोडताना जो वास येतो आणि पापुद्रे सुटतात, तो हाच लेप दमटपणानं सडतो तेव्हा. भिजलेला तंबू गुंडाळून माळ्यावर टाकायचा नाही, एवढा एक नियम त्यानं भाचीकडून वदवून घेतला.

पुढचं काम माझं. कापड निसरडं, टाचण्या लावायच्या नाहीत कारण टाचणीचं भोक म्हणजे गळती. कागदाला लावायच्या क्लिपा लावल्या. जीन्सच्या पायाला आतून असते तशी दुमडून दुहेरी शिलाई. कोपऱ्याच्या चार शिवणी सव्वादोन मीटरच्या आणि नेमक्या कापडाच्या तिरकसात, जिथे ते रबरासारखं ताणतं. तिथे नायलॉनची पट्टी आत धरली. शिवण सरळ रेषेतही घातली नाही. छत्रीची पाकळी बघा, कडा आत वळलेली असते. तशीच मधे बोटभर आत घेत गोलाई दिली, म्हणजे ताणल्यावर कापड फडफडत नाही. हे मला दादानं नाही आणि लेकीनंही नाही, आमच्या गल्लीत येणाऱ्या छत्रीवाल्यानं पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. पुढच्या त्रिकोणाची मधली शिवण घातलीच नाही, तिथे चेन लावली, दार झालं. शेंड्याला रेक्झिनचे दोन थर आणि आतून दादानं लेथवर काढून आणलेला नायलॉनचा बुश, काठीचं टोक बसायला. बुश चौतीस ग्रॅम भरला. लेकीनं तो हातात घेऊन वजन केलं, मामाकडे बघितलं, आणि काही न बोलता लावला.

चेन, पट्टी, दोरी, बुश धरून तंबू ८८० ग्रॅम. खर्च दोन हजारांच्या आत, मशीनवालीची मजुरी सोडून.

मच्छरदाणीला तळ शिवायचा का, यावर मात्र अजून वाद. लेक म्हणते कडा अंथरुणाखाली खोचेन. दादा म्हणतो झोपेत हात बाहेर जातो. मी दोन्ही बाजू ऐकून एका रात्री गुपचूप उरलेल्या ताडपत्रीचा तुकडा मच्छरदाणीच्या मापानं कापून ठेवला. अजून शिवला नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी चारला आभाळ भरून आलं. दादाला फोन केला तर तो वाटेतच होता. गच्चीवर खुंट्या कुठल्या, रंगाचे आठ रिकामे डबे वाळूनं भरून दोऱ्या त्यांना बांधल्या. काठी उभी केली तसा तो हिरवा चौकोन वर उठला आणि चारी बाजूंनी ताठ झाला. वाऱ्याचा पहिला झोत आला तेव्हा एक डबा हातभर सरकला. दादानं त्यावर पाय दिला. मग पाऊस आला आणि आम्ही तिघंही आत शिरलो, काठीला धरून.

आवाज मोठा होता. बोललेलं ऐकू येत नव्हतं. छताला थेंब नाही, एका कोपऱ्यात शिवणीवर ओल दिसली, तिथे लेकीनं पेन्सिलनं खूण केली. पाणी मात्र खालून आलं, येणारच होतं. गच्चीच्या उतारानं पातळसा पाट आमच्या पायांमधून पन्हाळीकडे वाहायला लागला. त्यात इतक्या दिवसांचा खडू विरघळत होता, ४५ अंश, ३५ अंश, १.८४, सगळं पांढरं पाणी होऊन.

दादा वाकून बघत राहिला. मग लेकीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "मापं वहीत उतरवलीस ना?"

"उतरवलीत. का?"

"एक मला पण शिवायचाय," तो म्हणाला. "तळ लावून."